भर दुपारची मुक्कामी गाडी

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. नांदेडमध्ये माझं कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. घरात दिवे आपोआप लागतात, टीव्ही आपोआप चालू होतो असं कुणी सांगायला लागलं की मी पहिलं विचारतो, अर्थिंग तपासलं का? आजवरचं प्रत्येक भूत मला वायरीतच सापडलंय. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण बायको म्हणाली, लिहून टाका, डोक्यातून तरी निघेल.

माझे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, एसटीत ड्रायव्हर होते. उमेदीची वर्षं निलंगा डेपोत गेली. निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेजवळ एक गाव आहे. नाव देत नाही, उगाच लोक बघायला जातील. तिथं बापूंची नांदेडहून येणारी मुक्कामी गाडी असायची. म्हणजे दिवेलागणीला गाडी गावात पोचणार, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथंच चिंचेखाली गाडीत झोपणार, आणि पहाटे तीच गाडी माघारी. त्यांच्या जेवणाचं गाव बघायचं. बापूंना भाकरी घालायची गोदाआक्का. तिला पाठचा भाऊ नव्हता, म्हणून तिनं बापूंनाच राखी बांधली. गावाच्या अलीकडं ओढा लागतो. तिथं आलं की बापू भोंगा वाजवायचे, एक लांब आणि दोन आखूड. तो ऐकला की आक्का चुलीवर तवा ठेवायची, म्हणजे गाडी झाडून, हातपाय धुऊन होईस्तोवर गरम भाकरी पुढ्यात.

मग बापूंची नांदेडला बदली झाली. शेवटच्या पहाटे "येतो आक्का" म्हणून निघाले, ते निघालेच. संसार, आमची शिक्षणं, आईचं आजारपण, जाणं राहूनच गेलं. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणेपर्यंत लकव्यानं गाठलं. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. रिटायरमेंटला डेपोतल्या लोकांनी हौसेनं एक जुना रबरी भोंगा भेट दिला होता, तो त्यांच्या उशाशी असायचा. पाणी हवं असलं की डाव्या हातानं दाबायचे. पाण्याशिवाय मागणं एकच होतं, "आक्काकडं." डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलेलं. "येतो म्हणलो होतो," एवढंच म्हणायचे आणि डोळे पुसत बसायचे. ती म्हातारी आहे की गेली हेही आम्हाला माहीत नव्हतं. मला बापूंचं ते रडणं बघवत नव्हतं.

माझा शौक म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, कॉम्प्युटरवर विमान उडवायचं. मोठा स्क्रीन, जॉयस्टिक, पायाशी पॅडल, सगळं घरीच जमवलंय. यात खरी जमीन दिसते, उपग्रहावरून काढलेली. एका रविवारी जेवणं झाल्यावर बापूंची खुर्ची स्क्रीनपुढं ओढली आणि म्हटलं, चला, तुमच्या रूटवर जाऊ.

नांदेडहून उडालो. विष्णुपुरी धरणाचं पाणी खालून सरकलं आणि बापू पुढं वाकले. लोह्यावर आलो तर म्हणाले, "थांब."

"बापू, हे विमान आहे. ते स्टँडवर थांबत नसतं."

"प्याशिंजर," ते म्हणाले आणि माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी नवीनच भरती झालोय. काय करता... प्रत्येक स्टँडवर एक घिरटी मारायची असं ठरलं. अहमदपूरला दोन मारल्या, कारण तिथं त्यांचा चहाचा हॉल्ट असायचा. चाकूर, लातूर, औसा. कित्येक महिन्यांनी माणूस हसत होता. बायको दारात उभी राहून डोळ्याला पदर लावून राहिली होती.

निलंगा मागं पडलं तसं बापूंनी स्क्रीनवरच्या उन्हाकडं बोट केलं आणि मान हलवली. "दिवेलागण." बरोबरच होतं, मुक्कामी गाडी दुपारी कशी पोचेल? मी सिम्युलेटरमधली वेळ बदलली. बाहेर आमच्या गल्लीत ऊन मी म्हणत होतं आणि स्क्रीनवर तांबूस संध्याकाळ झाली.

गाव आलं. घरं कॉम्प्युटरनं आपल्या मनानं उभी केलेली, उतरत्या छपरांची, भलतीच. ओढा मात्र जागेवर होता. ओढ्यावर आलो आणि बापूंनी मांडीवरचा भोंगा दाबला. एक लांब, दोन आखूड. खोलीत तो आवाज एवढा मोठा वाटला की मी दचकलो. गावाजवळच्या मोकळ्या रानात विमान उतरवलं, एका झाडापाशी थांबवलं. "चिंच," बापू म्हणाले आणि खुर्चीतून उठायला बघू लागले. तेवढ्यात लाइट गेली. स्क्रीन काळा. माझ्या घरचा इन्व्हर्टर, मी स्वतः बसवलेला, त्यानंही लोड घेतला नाही. नंतर उलटापालटा करून तपासला, काही बिघाड नव्हता. असं होतं कधीकधी, मी ते मनावर घेतलं नाही.

बापूंनी मात्र घेतलं. पोचलो पण उतरलो नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं. चार दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी मी म्हटलं, मीच जाऊन येतो. म्हातारी असली तर व्हिडिओ काढून आणतो, नसली तर निदान खरं काय ते कळेल.

पुढच्याच रविवारी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात गोदाआक्काची सून मिरच्या निवडत होती. मी म्हटलं, नांदेडहून आलोय, मुक्कामी गाडीवर ड्रायव्हर होते ना, त्यांचा मुलगा. बाईच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"मागल्या आयतवारी आलता का तुमी?" तिनं विचारलं.

"नाही. का?"

"आमच्या आत्याबाई चार म्हैने झाले उठल्या न्हाईत. दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई. मागल्या आयतवारी जेवणं झाल्यावर आपल्या आपण उठून बसल्या. म्हनल्या, भोंगा झाला, गाडी आली, तवा टाक. म्या म्हनलं कसली गाडी, भर दुपार हाय. तर मलाच रागं भरल्या. दिवेलागण झाली अन् दुपार काय म्हनतीस? चाचपत जाऊन तुळशीम्होरं दिवा लावला अन् दारात हुब्या राहिल्या."

"तुम्ही भोंगा ऐकला?"

"म्या न्हाई ऐकला. गल्लीत कुनीच न्हाई."

सूनबाईंनी मला आत नेलं. बाजेवर मूठभर म्हातारी. माझा हात हातात घेऊन तिनं चाचपला.

"त्याचा पोरगा का तू?" ती म्हणाली. "का न्हाई उतरला रे तो? गाडी चिंचंखाली हुभी राहिली, मला आवाज आला. म्हनलं आता येतोय हातपाय धुऊन. अन् येकदम समदं बंद झालं. भाकरी तशीच राहिली माझी."

मी घरी फोन लावला, बायकोला म्हटलं बापूंच्या कानाशी धर, आणि इकडं स्पीकर चालू करून आक्काच्या तोंडाशी धरला.

"का न्हाई उतरलास रे?" आक्कानं तेच विचारलं.

तिकडून बापू म्हणाले, "लाइट... गेली."

"मला वाटलं रागावलास."

तिकडं बापू काहीतरी चाचपत असल्याचा आवाज आला. बायको मागून "हळू, हळू" म्हणत होती. आणि मग फोनमधून भोंगा आला. एक लांब, दोन आखूड. आक्कानं डोळे मिटले. "ह्योच," ती सुनेला म्हणाली. "आला बघ. तवा टाक."

त्या भाकऱ्या मी फडक्यात बांधून नांदेडला आणल्या. बापूंनी दुधात कुस्करून खाल्ल्या, एक घासही सांडू दिला नाही. त्यानंतर ते कधी "आक्काकडं" म्हणाले नाहीत. थोड्याच दिवसांनी झोपेतच गेले, चेहरा अगदी शांत होता.

मी माझ्या परीनं विचार करून बघितला. म्हाताऱ्या माणसाला जुने भास होतात, हे मान्य. नेमका तोच दिवस, हा योगायोग, तोही मानतो. भोंगा तिच्या ओळखीचा होता, तो तिच्या मनात वाजला असेल, चला, हेही धरू. पण भर दुपारी तिच्याकडं दिवेलागण कशी झाली? ती संध्याकाळ मी केली होती, माझ्या घरात, माउसचं एक बटण दाबून. आणि ते आम्हा तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. याचं उत्तर माझ्याकडं नाही, अर्थिंग तपासूनही नाही.

सिम्युलेटर मी अजून चालवतो, पण त्यातली वेळ बदलत नाही. बाहेर जी वेळ, तीच आत. निलंग्याकडं गेलो तर हमखास घड्याळ बघतो. आक्का अजून आहे. तिला पुन्हा भर दुपारी दिवा लावून दारात उभं राहायला लागू नये.