काकीला ऐकू आलेली गाडी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीकॉम झाले, म्हापशाला नोकरीला लागले, आणि वाड्यावर कोणी राखणदाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, लाज वाटते...

आमचं घर पेडणे तालुक्यात, चोपड्याजवळ. खळं, म्हणजे पुढचं अंगण, एक, घरं दोन – एक आमचं, एक काकीचं. आई दुसऱ्यांच्या शेतात राबायला जायची तेव्हा मला काकीनेच वाढवलं. हल्ली तिला ऐकू येत नाही. पाव घेऊन आलेला पोदेर दारात भोंपू वाजवतो तरी तिची मान वळत नाही. तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

मागच्या वर्षी मी हायब्रिड गाडी घेतली. पहिल्या दिवशी काकीला शेजारी बसवून हरमलपर्यंत नेलं. ती सीटवरून हात फिरवत, "काय सोबीत गाडी गे," म्हणत राहिली. आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्या लक्षात यायला लागलं... गाडी हळू असली की पुढून कोणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय. इंजिन तर बंद! ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागून कोणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडायची, थांबता थांबता कण्हायची. उभ्या उभ्या इंजिन आपोआप सुरू व्हायचं. कोणाला विचारणार? एवढी शिकलेली बाई, स्वतःची गाडी कळत नाही?

एका संध्याकाळी काकी पुन्हा गाडीत बसायला आली. मी म्हटलं, "तू बसू नको. तुझी नजर लागली गाडीक." तिला कळलं नाही. मग मी तेच ओरडून सांगितलं... अख्ख्या वाड्याने ऐकलं. काकी वळून घरात गेली.

गुणगुणणं मला सहनच होईना. ओळखीच्या गॅरेजवाल्याने बंपरखाली एक स्पीकर शोधून काढला. तो कशासाठी आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, वायर काढून टाक. म्हणजे भूत नव्हतं, स्पीकर होता. हे कळूनही मी काकीकडे गेले नाही.

मग मे महिन्यातला तो रविवार. सकाळचं लख्ख ऊन. गाडी मागे घेत होते, तुळशीला धक्का लागू नये म्हणून माझी नजर त्या बाजूच्या आरशात. गाडी आता अगदी मुकी. एकदम चाकाखाली कडकड झाली. ब्रेक दाबून उतरले, तर चाकाला लालभडक... मी वाकून बघितलं.

कोकमाची सोलं होती. काकीने वाळत घालायला आणलेली, सुपासकट चिरडली होती. गाडीकडे पाठ करून ती तिथेच बसली होती म्हणे. आता हातभर अंतरावर उभी होती.

"तू बाजूक कशी झालंस?" मी ओरडले.

"गाडी गुणगुणली मगे," ती म्हणाली. "म्हणान सरलंय."

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, तिथे त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. हळू चालताना इंजिन बंद असतं, रस्त्यावरच्या माणसांना गाडी कळावी म्हणून तो आवाज. अडणं-कण्हणं म्हणजे बॅटरी चार्ज होणं, आणि इंजिन आपोआप लागतं तेही त्याचसाठी. वायर तपासली. सुटलेलीच होती. आवाज येणं शक्य नाही, म्हणाले. मी ती परत जोडून घेतली.

घरी येऊन काकीच्या पायरीवर बसले आणि हळूच म्हटलं, चुकलं माझं.

"मोट्यान बोल."

मग बोलले. नजर लागली म्हणाले होते तेवढ्याच मोठ्याने. शेजारच्या बाया दारात आल्या. काकी सोलं निवडत म्हणाली, "नवा सूप हाड. आणि मी फुडल्या शीटीर बसतलंय." दुसऱ्याच दिवशी मी नवं सूप आणून दिलं.

त्यानंतर कितीदा तरी करून पाहिलं. आवाज चालू ठेवून गाडी काकीच्या अगदी शेजारून हळूहळू नेते. आईला ओसरीवर बसून स्पष्ट ऐकू येतं. काकी मान हलवते – "काय आयकाक येणा नाय गे."

मग त्या रविवारी तिला काय ऐकू आलं? गाडी मागे घ्यायची असली की मी आधी उतरते, मागे जाऊन बघते, आणि मगच बसते.