पाच वॅट, नऊ वार

बाळांनो, त्या शनिवारी सुभेदार पवारांचा साताऱ्याहून तंजावरला फोन आला. "मॅडम, सोमवारी माझी छाती उघडणार. त्याआधी उद्या सातला तुमच्या हातचा वायरलेस सेट ऐकवा." मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नवी लेफ्टनंट होते, तेव्हा सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. दोष शोधायचा त्यांचा एकच नियम: आधी बाहेर जाऊन अँटेना बघा, मग सेट उघडा.

माझा सेट पाच वॅटचा. मीटर कॉफी पावडरच्या डब्यात बसवलेला; अँटेनाने पॉवर परत फेकली की त्याचा काटा लाल खुणेकडे जातो. अँटेना म्हणजे गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार. घराला माझी स्टँडिंग ऑर्डर होती: तारेला कोणीही शिवायचं नाही.

रविवारी ०६४० ला ट्रान्समिट करून पाहिलं. काटा लाल खुणेच्या पार. मी सेट उघडला. दोन जोड पुन्हा सोल्डर केले, एक कॉइल नव्याने गुंडाळली. काटा तिथेच.

०६५२ ला तुमचे आजोबा कॉफी ठेवत म्हणाले, "गच्चीवर पाहिलंस का?"

तारेवर माझ्या सासूबाईंचं, तुमच्या पणजींचं, ओलं नऊवार लुगडं होतं. मडीचं, म्हणजे सोवळ्यातलं.

पूजाघरातून त्या म्हणाल्या, "तारेला कोणी शिवायचं नाही, तूच म्हणालीस. मडीला याहून चांगली जागा कुठली?"

"आत्याबाई, सातला पवारसाहेब वाट बघतील."

"माझी पूजा अर्धी आहे. ओलेत्याने जाऊन काढ. कोरडी शिवलीस तर पुन्हा धुऊन तिथेच घालीन."

ऑर्डर स्पष्ट होती. ०६५६ ला एक बादली पाणी डोक्यावर ओतलं. आजोबांनी सेट बंद केला, मी काठीने लुगडं उतरवलं. ०७०० ला ठिबकत खुर्चीत.

"पवारसाहेब, आवाज कसा येतोय? ओव्हर."

"स्वच्छ, मॅडम. दम का लागलाय? ओव्हर."

"अँटेनावर लुगडं होतं. ओव्हर."

"आणि तुम्ही आधी सेट उघडलात. ओव्हर."

"हो. ओव्हर."

त्यांचं हसणं खरखरीतूनही नीट ऐकू आलं.

ऑपरेशननंतर साहेब दीड वर्ष दर रविवारी आमच्या नेटवर, म्हणजे जुन्या मंडळींच्या वायरलेसवरच्या हजेरीला, आले. घरात तह झाला: नेट संपेपर्यंत तार माझी, नंतर पणजींची.

आता साहेब नाहीत, तरी ०७०० ला पहिलं नाव त्यांचंच पुकारतात, आणि अर्धं मिनिट कोणी बोलायचं बटण दाबत नाही. पणजी काठीवर ओलं लुगडं घेऊन जिन्यात थांबलेल्या असतात. तेवढा वेळ पायरीवर पडणारं पाणी ऐकू येतं.