उलट्या हाताची वीण

हिराआजी कुणालाही भेटली की आधी त्याचे हात बघायची. चेहऱ्याची पाळी नंतर. कर्नाळ्याजवळच्या कातकरीवाडीवर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझा पंजा उलटासुलटा करून म्हणाली, "पेन धरनारा हात हाय. बस, बोल." मी पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवते. हिला हातात एवढं काय दिसतं, या कुतूहलापोटी मी जातच राहिले.

नदीकाठचं लव्हाळं कापून, वाळवून, चेपून आजी चटया विणायची. वाडीची रीत अशी, की एका चटईला दोघी. दोन टोकांना समोरासमोर बसायचं आणि विणत विणत मध्यावर भेटायचं. एकटीनं विणलेली चटई आजीच्या लेखी चटईच नव्हे. "एकटीचा हात आलशी व्हतो," ती म्हणायची. "समोर कोन असला का मग चालतो."

पण समोर बसणाऱ्याच कमी होत चालल्या होत्या. पोरी तळोज्याच्या कारखान्यांत जाऊ लागल्या. सून सुनीता हिला विणायची भारी हौस, पण ती डावखुरी. सगळ्यांची तिरपी वीण एकीकडे झुकायची, हिची नेमकी उलट. आजी तिला टोकाला बसूच देत नसे. "दोन वाटा एका चटईत नाय चालत," की विषय संपला. सुनीतानं उजव्या हातानं विणून पाहिलं, ते इतकं सैल आलं की आजीनं तोंड फिरवलं. मला आजीचा राग यायचा. तुझ्यामागं हे कोण विणणार, असं विचारलं की ती बहिरी व्हायची.

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी सगळ्यांनी मिळून एक मोठी चटई करायचं ठरलं. आराखडा आणि रंग माझे, वीण वाडीची. लव्हाळं अंथरलं आणि आजीची जोडीदारीण गंगू घरच्यांबरोबर वीटभट्टीवर निघून गेली. आजी दिवसभर त्या अंथरलेल्या लव्हाळ्यापाशी बसून राहिली. संध्याकाळी सुनीताला म्हणाली, "बस तिकडं. तुज्याच हातानं इन. बिघडला तर उसवू."

शाळा सुटली की मी वाडी गाठायची. दोन्हीकडच्या विणी सरकत सरकत भिडल्या आणि मधोमध बाणांच्या टोकांची एक रांग उमटली. माझ्या आराखड्यात ती नव्हती. आजी वाकून कितीतरी वेळ त्या रांगेवरून बोट फिरवत होती. "असा मी कंदी बघला नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुजा रंग हितं नको घालूस." मी मुकाट्यानं आराखडा गुंडाळला. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

उन्हाळ्यात आजी गेली. भेटायला गेले तर दारात सुनीता विणत होती, आणि समोर भट्टीवरून परतलेली गंगू. मी म्हटलं, "आजीनं शेवटी शिकवलंच की तुला."

सुनीतानं मान वर केली नाही.

"शिकवला नाय ताई," ती म्हणाली. "समोर बसवला."