केळीच्या घडाखालचं लग्न

माझ्या लातूरच्या साडूंनी फोटो काढायला घेतला की माणसं म्हातारी होतात, हे मी स्वतःच्या पिकल्या केसांची शपथ घेऊन सांगतो. सगळं जग फोनवर फोटो काढून मोकळं होतं, तेव्हा हे गृहस्थ गळ्यातला जुना रोलचा कॅमेरा उचलतात, एक डोळा मिटतात, भिंगाची कडी फिरवतात, आभाळाकडे पाहतात, पुन्हा कडी फिरवतात. तोवर आमचं हसू वाळून गेलेलं असतं. त्यांच्या बायकोने हौसेने ऑटोमॅटिक कॅमेरा आणून दिला, तर तो उलटासुलटा करून म्हणाले, "उजेडबी ह्योच बघतो, नेमबी ह्योच धरतो. मग म्या कशाला जाऊ लग्नाला? ह्यालाच धाडा की!" तो कॅमेरा अजून खोक्यात आहे.

रोल ते फ्रिजमध्ये ठेवतात, स्टीलच्या डब्यात, दह्याशेजारी. लाडवाच्या आशेने मी एकदा तो डबा उघडला होता. कोरे आणि वापरलेले रोल त्यात गुण्यागोविंदाने नांदत होते. "सरमिसळ होईल की हो," मी म्हणालो. "साडूभाऊ, आपला रोल म्या नुसत्या हातानं वळखतो," म्हणत त्यांनी मला उडवून लावलं. या माणसाने आयुष्यात एक चूक कबूल केली असेल तर शपथ.

आमचे सासरे, अप्पा, अर्धापूरचे केळीवाले. समोर फोन धरला की ते तोंड फिरवून चालू लागत, त्यामुळे त्यांचा धड फोटो कुणाकडेच नव्हता. गेल्या वर्षी साडूंनी त्यांना बागेत उभं केलं आणि कडी फिरवायला लागले. अप्पा हात मागे बांधून, मान जराशी वाकडी करून म्हणाले, "जावईबापू, घड पिकला की सांगा." उरलेल्या रोलावर साडूंनी बागच बाग टिपली. रोल धुवायला पुण्याला पाठवायचा राहिला आणि अप्पा गेले.

धाकट्या मेहुणीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं. ती साडूंना एवढंच म्हणाली, "दाजी, आहेर नको. अप्पांचा तेवढा फोटो द्या." साडूंनी डब्यातले वापरलेले सगळे रोल धुऊन आणले. एकातही अप्पा नव्हते. लग्नात कोरा रोल घालून ते कुणाच्या नजरेला नजर न देता फोटो काढत राहिले.

महिन्याभराने लग्नाचे फोटो आले. भटजींच्या कानांतून केळीची पानं फुटलेली, नवरदेवाच्या डोक्यावर हा एवढा घड! वापरलेलाच रोल कोरा समजून साडूंनी पुन्हा घातला होता. बागेवर मांडव उमटला होता. हसून हसून आमची पोटं दुखली. "लग्न लावून राहिले का केळी लावून राहिले?" त्यांची बायको कडाडली. तेवढ्यात धाकटीने एक फोटो उचलून उजेडात धरला. अक्षता पडताहेत आणि तिच्या मागे, विरळ सावलीसारखे, हात मागे बांधून अप्पा उभे. मान वाकडी, 'आटपा की लवकर' असा चेहरा. जिवंत असते तर मांडवात असेच उभे राहिले असते.

"दाजी," ती म्हणाली, "अप्पा आलते की लग्नाला."

एरवी साडूंनी 'मुद्दामच केलं' म्हणत छाती फुगवली असती. ते म्हणाले, "चुकलं माय माझं," आणि कॅमेरा तिथेच ठेवून बाहेर निघून गेले.

तो फोटो आता तिच्या नांदेडच्या घरी भिंतीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा नवरा डोक्यावरच्या घडाचा खुलासा करत बसतो. आणि हल्ली साडू कडी फिरवायला लागले की आम्ही कुणी कुरकुरत नाही. मागे येऊन उभं राहायचं असेल कुणाला, तर तेवढा वेळ मिळू दे.