घरात सांगितलेला मुतखडा

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "पॉलिसिस्टिक किडनी डिसीज." म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात, वाढत जातात आणि हळूहळू मूत्रपिंडं निकामी करतात. आजार आईबापाकडून मुलांत उतरतो. "घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करा, बीपी तपासा. आणि कुणीही मनाने पेनकिलर घेऊ नका."

अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याने यावर काय विचारावं? "लग्नाला काही अडचण?" डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेच्याच लायकीचा होतो.

नगरहून कोल्हारला येईपर्यंत एसटीत माझं ठरलं. घरी सांगितलं, मुतखडा आहे. आमच्याकडे मुतखडा इज्जतदार आजार. त्याने स्थळं मोडत नाहीत, उलट गल्लीभर लोक औषधं सुचवतात. आईने रोजच्या कुळथाच्या कढणाचं पातेलं मोठं केलं. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं पाठवली, तीही मी रोज सकाळी निमूट चावत होतो.

धाकट्या बहिणीसाठी, मनीषासाठी, स्थळं बघणं चालू होतं. तिच्या बायोडेटात 'निरोगी' हा शब्द मीच टाइप केला. तिच्या भल्यासाठी गप्प आहे, असं स्वतःला बजावत होतो. साफ खोटं! भीती माझ्या लग्नाची होती आणि आईच्या रडण्याची. आमच्या वयाची पोरं म्हणे घरच्यांना जपायला आजार लपवतात. कसलं डोंबलाचं जपणं! समोरच्याचं उतरलेलं तोंड बघायची हिंमत नसते, एवढंच.

मनीषाचं डोकं दुखायचं. "मोबाईल कमी बघ," मी म्हणायचो. ती मेडिकलमधून पेनकिलर आणायची आणि मी ते बघत होतो. असे आठ महिने गेले.

एके दिवशी शाळेत शिकवता शिकवता ती फळ्यापाशी कोसळली. बीपी दोनशेच्या घरात. तेव्हा कुठे डॉक्टरांपुढे माझं तोंड उघडलं. सोनोग्राफीत त्याच गाठी निघाल्या. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातली जी घाण मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची ती, बरंच वाढलेलं. "बीपी वेळेत आवरलं असतं आणि या गोळ्या पोटात गेल्या नसत्या, तर इतकं नुकसान झालं नसतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर अण्णा, माझे वडील, खाली बघत पुटपुटले, "मलाबी त्येच हाय. धा वर्सं झाली."

त्यांनीही घरात मुतखडाच सांगितला होता. आम्ही बापलेक रोज एकाच पातेल्यातलं कढण पीत होतो!

मनीषाने दोघांकडे पाहिलं. "स्थळ मोडलं असतं तर दुसरं आलं असतं की, अण्णा." एवढं म्हणून तिने आपली फाइल उचलली आणि चालू लागली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता तिघांची औषधं चालू आहेत, मीठ कमी झालंय, दर तीन महिन्यांनी तपासणी असते. डायलिसिस लांबवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचे उपकार आहेतच. माझ्यासारखा रिपोर्ट लपवून बसलेला कुणी हे वाचत असेल, तर त्याने स्वतःला समजूतदार समजू नये. आजच घरात बोलावं.

परवा मनीषाला बघायला पाहुणे आले. पोह्यांच्या आधीच तिने फाइल त्यांच्यापुढे ठेवली. चहा अर्धा टाकून ते उठले. आईने डोळ्यांना पदर लावला.

मनीषा कप गोळा करत म्हणाली, "रडती काय, आई? हे निदान तोंडावर उठून गेले."