लेप धुतल्यावरचं माप

त्या मशीनला मी रोज शिव्या घालायचे. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी हिंगोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी ते हैदराबादहून जुनं विकत आणलं होतं, बायकांच्या स्तनांचे एक्स-रे काढायला, आणि ते काढायचं काम माझं. स्तन खालच्या पाटावर ठेवायचा, वरची पारदर्शक पाटी हळूहळू खाली आणून दाबायचा, आणि दाबल्यावर जाडी किती उरली ते मशीन आकड्यात दाखवायचं. त्या जाडीवरून किरण किती द्यायचे ते ठरायचं. आकडा चुकला की फिल्म काळी नाहीतर फिकी, आणि त्या बाईला पुन्हा दाबायचं. आधीच जीव मुठीत धरून आलेली असायची बिचारी.

आणि हे मशीन पक्कं खोटारडं! वरची पाटी एका बाजूला कलायची, मग आकडा कधी जास्त, कधी कमी. म्हणून मी पाटीच्या दोन्ही कडांना स्टीलची पट्टी लावून जाडी स्वतः मोजायचे. डॉक्टर हसायचे, "मॅडम, शिंप्याच्या दुकानात जायला पाहिजे होतं तुम्ही." हसा म्हणावं. दाबणार मी, कळवळणारी बाई माझ्यासमोर, तुमचं काय जातंय?

एकदा मार्चमध्ये आई आली. कुरुंद्याहून एसटीनं, हळद शिजवायचं काम टाकून. उजव्या बाजूला गाठ लागते म्हणाली, दिवाळीपासून. दिवाळीपासून! मी कडाडलेच.

"आन् आता सांगून राहिलीस व्हय?"

"तुला काहून तकलीफ," ती म्हणाली. "लेप लावून राहिले की मी."

तिनं चोळी काढली. हळद-चुन्याचा लेप, थरावर थर चढलेला, भेगा पडलेला. मुका मार असो की सूज, आमच्या घरात हाच लेप, आणि आई तो कधी धुवायची नाही. आपसूक गळून पडला की दुखणं उतरलं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. हा पडतच नव्हता. म्हणून ती वरून नवा देत राहिली होती.

"धुवावं लागंल हे," मी म्हणाले.

"न्हाई. पडंल त्यो आपला आपण."

वाद नको म्हणून मी आधी डावी बाजू घेतली. पाटी खाली येत गेली, दोन्ही कडांना पट्टी लावली, आकडा जुळला. मग उजवी बाजू लेपासकट नुसती दाबून पाहिली, फोटो न काढता. तेवढ्याच दाबाला पाटी डावीपेक्षा दीड बोट वर अडकली. गाठच एवढी मोठी असली तर? पण लगेच स्वतःला समजावलं, एवढा लेप आहे, पाटी कलली असेल, आणि हे मशीन तर खोटारडंच. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"आई, चुन्याचे पांढरे ठिपके येतेत फोटोत. माप पण चुकून राहिलंय. धुऊ दे मला."

तिनं लेपावरून एकदा हात फिरवला.

"धुतल्यावर बराबर येतंय का?"

"येतंय."

"मंग धू."

कोमट पाण्यात कापूस बुडवून मी पुसत राहिले. पिवळं पाणी तिच्या पोटावरून ओघळून लुगड्यात जिरत होतं. लेपाखालची कातडी एका जागी आत ओढली गेली होती. मी तिथं हात जरा हलका केला; अशी कातडी मी आधी पाहिली होती, ती वाईट गाठीवरच. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

पुन्हा पाटी आणली. आकडा उतरला, पण लेपाच्या थराएवढाच. मी एका कडेला पट्टी लावली. दुसऱ्या कडेला लावली. पाटी सैल केली, आईला जरा पुढं सरकवलं, परत दाबलं. रोज कलतोस ना मेल्या, आज कल की, आजचा दिवस तरी खोटं बोल, असं मी त्या मशीनला मनातल्या मनात विनवत होते. दोन्ही कडा सारख्या. मशीनचा आकडा आणि माझी पट्टी, दोन्ही एकच सांगत होते. लेप गेला तरी पाटी डावीपेक्षा बोटभर वरच होती.

आईनं खालचा ओठ दातात धरला होता. तो सोडून ती म्हणाली, "आलं का बराबर?"

"आलं, आई. एकदम बराबर आलं."

"मंग रडून राहिलीस काहून?"