हा अर्ज माझा नाही

"अंगठा लाव इथं."

वहिनींच्या भावानं कागद ओट्यावर ठेवला. मी वहिनींकडे स्वयंपाकाला, कणीक मळत होते. शाईचं पॅड ते घरून घेऊनच आले होते.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, मला सही येते."

"येत असेल. सही बघून कुणी घरपट्टी कमी करत नाही. अंगठा बघितला की साहेब लोकांना दया येते. लाव."

वहिनी दारात उभ्या होत्या. हसल्या. "अगं लाव की! अंगठा लावला म्हणून तुझी डिग्री जप्त होणारे का?"

दोघं भाऊबहीण हसले. मीही हसले. हात धुतला, अंगठा लावला. सातवी पास बाई मी. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. कागदाच्या खाली भाऊसाहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. वर मीच म्हणाले, "लय उपकार झाले, भाऊसाहेब."

मग त्याच हातांनी पोळ्या लाटून त्यांना वाढल्या.

मी किनवटकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं. माझे मालक, म्हणजे नवरा, अंबडला एका कारखान्यात हेल्पर लागले म्हणून नाशकात आलो. इथं आमचं कुणी नव्हतं. ओळखीचं माणूस म्हणजे वहिनी. कॉलेज रोडला त्यांचा बंगला, तिथं मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. अकरा वर्षं केला. सिडकोत दोन खोल्यांचं जुनं घर विकायला निघालं तेव्हा वहिनींनी उचल दिली. ती त्यांनी पगारातून महिन्याच्या महिन्याला कापून घेतली, शेवटच्या रुपयापर्यंत. खरेदीखत माझ्या नावावर झालं. घर माझं झालं.

पण उपकार फिटला असं मला कधी वाटलंच नाही. परक्या गावात राहणाऱ्याला सारखी भीती असते. उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जायचं? म्हणून एक दार धरून ठेवायचं. मी ते असं धरलं होतं की माझी पाठ कायमची वाकलेली.

त्याच वाकलेपणातून मी एक उद्योग केला. लोक घराला मातृकृपा, पितृकृपा अशी नावं देतात. मी दारावर संगमरवरी पाटी बसवली. त्यावर वहिनींचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि खाली 'कृपा'. पाटीवाल्यानं नाव ठळक कोरलं, कृपा बारीक. माझं नाव त्यावर कुठंच नाही. मला सुचलंच नाही. वास्तुशांतीला वहिनी आल्या, पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. जेवल्या नाहीत. पाणी प्याल्या ते स्वतःच्या बाटलीतलं.

दोनेक वर्षांनी महापालिकेचा माणूस घरं मोजायला आला. आम्ही दोघंही कामावर. त्यानं बाहेरून टेप लावली, पाटी वाचली, शेजारी विचारलं, इथं कोण राहतं. शेजारणीनं माझं नाव सांगितलं. पाटीवर एक नाव, राहणारी दुसरीच. त्यानं हिशेब जुळवला. महिनाभरानं नोटीस आली. मालक म्हणून वहिनींचं नाव. भाडेकरू म्हणून माझं.

भाडेकरूचं घर म्हटलं की पट्टी कितीतरी पटीनं लागते. पण आकड्यापेक्षा तो एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या घरात मी भाडेकरू.

नोटीस घेऊन धावत वहिनींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि खो खो हसल्या. "बघ! सरकारलासुद्धा कळलं घर कुणामुळं उभं राहिलं ते."

"वहिनी, पण नाव..."

"नावानं काय बिघडतंय? मी काय तुझ्या दोन खोल्या पळवून नेणारे? माझा भाऊ कॉर्पोरेशनची कामं करतो. तो बघेल."

भाऊसाहेबांनी पैसे घेतले नाहीत. "तुझ्याकडून काय घ्यायचं," म्हणाले. त्या महिन्यात त्यांच्या नातवाचं बारसं निघालं. चाळीस माणसांचा स्वयंपाक मी एकटीनं केला. पुढचे तीन रविवारही त्यांच्याच घरी गेले. याला ते फुकट म्हणत होते. मीही म्हणत होते.

एकदा मालकांना म्हणाले, "अर्जात काय लिहिलंय ते बघायला पाहिजे होतं."

ते म्हणाले, "तुला कशाला पाहिजे ते? मोठी माणसं करतेत ना. आपण मधी तोंड घातलं की बिघडतंय."

सुनावणीच्या दिवशी मी आणि भाऊसाहेब महापालिकेच्या सिडकोतल्या कार्यालयात गेलो. भाऊसाहेब बाकावर बसले, मी भिंतीला टेकून उभी. बाकावर जागा होती. पण बस म्हणाले नाहीत, आणि न सांगता बसायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांना कुणी ओळखीचं भेटलं. जाताना फाइल माझ्या हातात दिली. "धर. उघडू नकोस, कागद इकडचे तिकडे होतील."

मी उघडली.

माझ्या अर्जासारखे सहासात अर्ज होते. सगळ्यांचा मजकूर एकच. गरीब, अशिक्षित, दया व्हावी. नाव तेवढं बदललेलं, आणि प्रत्येकाखाली अंगठा. त्यातला एक अंगठा आमच्या गल्लीतल्या पोस्टमनचा होता. तो माणूस रोज शेकडो पत्ते वाचतो!

मग माझा अर्ज वाचला. 'अर्जदार ही अडाणी मोलकरीण असून, सदर घरात ती मालकीणबाईंच्या कृपेने राहत आहे. तरी दयाबुद्धीने कर कमी करावा.'

नाव दुरुस्त करा, असं त्यात कुठंही नव्हतं. खरेदीखताचा उल्लेख नव्हता. मी भाडेकरू नाही, हे एवढं एक वाक्य नव्हतं. उलट मीच अंगठा लावून कबूल केलं होतं की घर दुसऱ्याचं आहे आणि मी तिथं कृपेनं राहते.

भाऊसाहेबांनी हे कपटानं केलं असं मला अजूनही वाटत नाही. कपटाला थोडी तरी मेहनत लागते. या माणसानं तेवढीही घेतली नव्हती. त्याला गरिबाचा एकच अर्ज लिहिता येत होता, आणि तो त्यानं आयुष्यभर पुरवला. आमच्यातल्या कुणाचं घर स्वतःचं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

पुकारा झाला. आत गेलो. अधिकाऱ्यांनी अर्ज बघितला, माझ्याकडे बघितलं.

"हा तुमचा अर्ज?"

भाऊसाहेब म्हणाले, "हो साहेब. तिला काही समजत नाही. मी बोलतो."

डोळ्यांपुढं काय काय आलं. नोकरी जाईल. वहिनी दार बंद करतील. या गावात आपलं कोण आहे? तरी तोंडातून शब्द निघालेच.

"साहेब, हा अर्ज माझा नाही."

"अंगठा तुमचा ना?"

"अंगठा माझा आहे. लिहिलेलं माझं नाही."

भाऊसाहेब दातओठ खात म्हणाले, "ए, गप्प बस!"

"भाऊसाहेब, मघाशी बाकावर जागा होती, तरी मी उभी राहिले. आता बोलू द्या."

अधिकारी काही फार भला माणूस नव्हता. त्याला जेवायला जायची घाई होती. म्हणाला, "काय म्हणणं आहे ते लिहून आणा. मी उठायच्या आत."

बाहेर झेरॉक्सच्या दुकानातून कोरा कागद घेतला. खरेदीखत, वीजबिल, रेशनकार्ड पिशवीत होतं. भाऊसाहेबांनी ते एकदाही मागितलं नव्हतं. जिन्याच्या पायरीवर बसून लिहिलं. 'घर माझे आहे. खरेदीखत जोडले आहे. मी कुणाला भाडे देत नाही. दारावर लावलेली पाटी माझी चूक आहे, मालकीचा पुरावा नाही. मालक म्हणून माझे नाव लावावे.' खाली सही केली, पूर्ण नावाची.

अधिकाऱ्यानं खरेदीखत बघून शेरा मारला आणि नाव लागलं. भाडेकरू हा शब्द गेला.

त्याच संध्याकाळी माझ्या मालकांनी छिन्नीनं पाटी काढली. मोठ्या माणसांच्या मधी तोंड घातलं म्हणून आधी ते माझ्यावर चिडले होते. पाटी काढताना मात्र हातोडा फार जोरात मारत होते.

वहिनींकडे बातमी माझ्याआधी पोचली होती. "माझ्या भावाला चारचौघांत खाली बघायला लावलंस. अकरा वर्षं आमचं अन्न खाल्लंस."

"अकरा वर्षं मी ते शिजवलं, वहिनी."

"तोंड वर करून बोलतेस? त्याची माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार. कणीक मळून ठेवलीय. पोळ्या तुम्ही लाटा."

पुढचे चार महिने वाईट गेले. वहिनींनी ओळखीतल्या घरांत माझं नाव खराब केलं होतं. शेवटी एका मेसमध्ये काम मिळालं. या चार महिन्यांवर मी गोड काही लिहिणार नाही. रात्री झोप लागायची नाही.

आणि मी सगळं जिंकले असंही नाही. घरामागची पत्र्याची शेड महापालिकेनं पक्की खोली म्हणून मोजली होती. ते मला कळलंच नाही, म्हणून अर्जात आलं नाही. चांगला वकील असता तर त्याच्या नजरेतून सुटलं नसतं. गल्लीतल्या बाया विचारतात, "ताई, हरकत आपण घ्यायची का माणूस लावायचा?" मी सांगते, जमत नसेल तर लावा माणूस. पैसे देऊन लावा, पावती मागा, आणि तो काय लिहितो ते वाचल्याशिवाय बोट हलवू नका. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. फुकट करतो म्हणणाऱ्याला उंबऱ्यातूनच परत पाठवा.

त्या शेडसाठी मी दोन अर्ज दिले. दोन्ही फेटाळले. दुसऱ्या वेळी खिडकीतला बाबू म्हणाला, "बाई, एखादा एजंट गाठा, नाहीतर सोडून द्या. कशाला चपला झिजवता?"

चपला माझ्या आहेत. शेडची लांबी, रुंदी, उंची मी स्वतः टेप धरून मोजली आहे. तिसरा अर्ज लिहून झाला आहे. त्यात दया हा शब्द नाही, कृपा नाही, विनंतीसुद्धा नाही. 'पत्र्याची शेड पक्की खोली म्हणून मोजली आहे, येऊन बघा' एवढंच आहे. हाही फेटाळतील. फेटाळू देत. कारण मात्र लेखी द्यावं लागेल, आणि ते मिळेपर्यंत मी खिडकीसमोरून हलणार नाही.